कंदिलाच्या काचांचा वॉर्ड

खोली बघायला गेले तेव्हा बाईंनी मला पगार विचारला नाही, जात विचारली नाही, वडील काय करतात तेही विचारलं नाही. पाटावर बसल्या बसल्या त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "माशी जित्ती धरता येते काय?"

मी आर्वीच्या मुलींच्या शाळेत नुकतीच लागलेली मास्तरीण. मास्तरकीच्या परीक्षेत माशीवर एकही प्रश्न आला नव्हता. मी खरं ते सांगितलं, की मारता येते, धरता येत नाही.

"मारलेली आमच्या इथं कोनी खात नाई," बाई म्हणाल्या. "शिकून घेजो. खोली तुही."

बाई म्हणजे दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सुईण. तीस वर्षं त्यांनी गावातली बाळंतपणं केली. गाव त्यांना नर्सबाई म्हणे, मी नुसतं बाई. उंच, हाडापेरानं मजबूत, पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, आणि कोणत्याही कामाआधी कोपरापर्यंत हात धुण्याची सवय. पत्र आलं तरी आधी हात धुऊन मग उघडत. रस्त्यात निम्मं गाव त्यांना वाकून नमस्कार करी. बाई त्यांना आशीर्वाद द्यायच्या ऐवजी त्यांच्या जन्माची हकिकत सांगत. एकदा बाजारात एका चांगल्या मिशाळ अडत्याला त्या म्हणाल्या, "तू पायाकडून आलता. तवापासून उलटाच चालून राह्यला." अडत्याने मान खाली घातली आणि आम्हाला अर्धा शेर तूर जास्त घातली.

निवृत्तीनंतर बाईंचे हात रिकामे झाले, म्हणून त्यांनी घरीच वॉर्ड काढला. माजघरातल्या फळीवर कंदिलाच्या नऊ काचा ओळीने उभ्या असत. खाली बशीत ओली वाळू, वरच्या तोंडाला गॉजचं फडकं दोऱ्याने बांधलेलं, आत पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, एक काडी, आणि त्या काडीला उलटा लोंबकळत, पुढचे दोन पाय जोडून बसलेला एकेक किडा. आमच्याकडे त्याला खंडोबाचा किडा म्हणतात. बाई पेशंट म्हणत. प्रत्येक काचेला पुठ्ठ्याचं तिकीट होतं. त्यावर खाट नंबर, दाखल केल्याची तारीख, आहार, कात कधी टाकली, सगळं शाईने लिहिलेलं. 'दोन माश्या, एक पतंग. भूक बरी.' नाव मात्र एकालाही नव्हतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "नाव ठेवलं का जीव लागते. नंबर बरा."

एका काचेत एकच पेशंट हा वॉर्डाचा पहिला नियम. "दोघी ठेवल्या तं सकाळी एकच राह्यते," बाईंनी मला पहिल्याच दिवशी समजावलं, "अन् तिचं वजन वाढलेलं असते."

चार नंबरवर कडुलिंबाच्या झाडावरची मोठी हिरवीगार मादी होती, माझ्या बोटापेक्षा लांब. काचेपाशी गेलं की मान वळवून ती थेट माझ्याकडे बघायची. इतकं रोखून मला शाळेच्या हेडबाईंनीही कधी पाहिलं नाही. सहा नंबरची मातकट आणि चपटी, लिंबाच्या सालीवर राहणारी. तिच्यासाठी काचेत सालीचा तुकडा ठेवलेला असे, आणि ती त्याला अशी चिकटून बसे की खुद्द बाईंनाही दिसत नसे. मग सकाळी तिकिटावर 'पळाली' असं लिहायचं आणि संध्याकाळी ते खोडून 'सापडली' लिहायचं. आठ नंबरवर झेंडूवर सापडलेली एक एवढीशी होती. तिला डिवचलं की ती पंख उघडी आणि पंखांवर दोन गोल डोळे दिसत. आणि जाळीच्या कपाटात वाळक्या पानासारखे, लांब मानेचे पाच-सहा जण एकत्र राहात. पोटाला पुरेसं मिळत असेल तर ही जात एकमेकांना खात नाही. बाई त्यांना एकत्र कुटुंब म्हणत आणि त्यांच्याकडे जरा संशयानेच बघत.

ते कपाट खरं म्हणजे दुधाचं. पण एकत्र कुटुंबाला वारा लागतो, म्हणून दूध बाहेर उंबऱ्यावर टोपलीखाली राही. आर्वीच्या उन्हात ते आठवड्यातून तीनदा नासे. त्याबद्दल कुरकुर केली की बाई म्हणत, "दुधाले काय, उद्या पुन्हा येईन. हे पेशंट कोन आनून देईन?"

माशा आणायचं काम माझ्याकडे होतं. शाळा सुटली की मी रिकामी बाटली घेऊन हलवायाच्या दुकानासमोर उभी राही. मुठीच्या झडपेने माशी बाटलीत घालायला मला पंधरा दिवस लागले. मी नगरपालिकेतर्फे माशा मोजायला येते अशी हलवायाची समजूत झाली होती. तो मला रोज एक पेढा देई. मी त्याची समजूत काही दूर केली नाही.

घरात कोणी कात टाकत असलं की शिंकायची बंदी होती. कात टाकताना किडा उलटा लोंबकळून स्वतःच्याच कातड्यातून हळूहळू बाहेर येतो. त्या वेळी तो खाली पडला तर वाकडा होतो, जगत नाही. बाई समोर पाट घेऊन बसत, आणि तीस वर्षं बायकांना जे सांगितलं तेच त्याला सांगत, "घाई नाई करायची, माय. येनारं येते." हेच वाक्य त्या एसटीची वाट पाहतानाही म्हणत आणि डाळ शिजत नसली तरीही. माझ्या वडिलांची पत्रं आली तेव्हाही त्यांनी हेच म्हटलं.

श्रावणात एकदा अंड्यांचं बोंड फुटलं. काडीला चिकटलेल्या त्या फेसाच्या गोळ्यातून मुंगीएवढी पिल्लं दोऱ्याने लोंबत बाहेर पडली, आणि बाराव्या दिवशी बाईंनी घरोघर घुगऱ्या वाटल्या. शेजारीण घुगऱ्या खात खात म्हणाली, "कोनाले झालं, नर्सबाई?"

"चार नंबरच्या आधीची होती ना, तिले."

"पोरगं का पोरगी?"

"मोजले नाई. दीडेकशे असतीन."

शेजारणीने तोंडातला घास कसा गिळला ते तिचं तिला माहीत.

हे सगळं बाई का करतात हे मी दिवेलागणीच्या वेळी एकदा विचारलं. त्या गॉजवर कापसाने पाण्याचे थेंब सोडत होत्या. हात न थांबवता त्यांनी सांगितलं.

"मी सोळाची होती. पटकीनं नवरा गेला, दोन दिवसांत. सासू म्हने, इनंच खाल्ला. मंग सारं गाव म्हने. नवऱ्याले खाल्लेली, हिले चूल नको शिवू देऊ, हिले लग्नात नको बलावू. बाळंतपन आलं का मात्र रात्रीबेरात्री दारात उभे. रिटायर झाली अन् पंधरा दिवसांनी अंगनात लिंबाखाली ही पाह्यली. तोंडात नवरा, अर्धा गेलेला, अर्धा उरलेला. म्हटलं, बाई, खानारी तू, अन् नाव माह्यं होऊन राह्यलं. चाल घरात. एकदा पाहून तं घेऊ खानारी कशी असते ते."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. भूक लागली का खाते. कोनाले शिव्या देत नाई." त्यांनी फडकं बांधलं. मला हसू आलं आणि रडूही आलं. बाईंना दोन्ही आवडलं नाही, त्यांनी मला माशांची बाटली धुवायला पाठवलं.

आता माझ्या लग्नाकडे येते. माझे वडील समुद्रपूरला, तिथून ते मला स्थळं पाठवत. शाळेला रजा मिळत नसे, म्हणून पाहुणे आर्वीला येत आणि पाहण्याचा कार्यक्रम बाईंच्या माजघरात होई. मला लग्नाचा तिटकारा नव्हता. नोकरी सोडायला लावणाऱ्या लग्नाचा होता. बाई आणि मी एक खूण ठरवली. स्थळ पसंत नसेल तर मी चुलीपाशी जाऊन "बाई, दूध नासलं!" म्हणायचं. की बाई हात धुणार, चार नंबरची काच पाहुण्यांच्या पुढ्यात आणून ठेवणार आणि तिच्यात एक नर सोडणार. बाकीचं चार नंबर बघून घेई.

पहिलं स्थळ हिंगणघाटचं. नवऱ्या मुलाने बसल्या बसल्या विचारलं, नोकरी कधी सोडणार? दूध तत्काळ नासलं. नराचं डोकं गेलं तेव्हा नवरा मुलगा पोह्यांची बशी धरून होता, ती त्याने खाली ठेवली ती ठेवलीच. दुसऱ्या स्थळाच्या वडिलांनी तर चार नंबरचे जोडलेले हात बघून आधी नमस्कार केला, "खंडोबाचं हाय, पुण्याचं हाय," म्हणून जवळ सरकून बसले, आणि मग जे घडलं ते त्यांना अगदी जवळून दिसलं. त्यांची टोपी दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीच्या कंडक्टरबरोबर परत पाठवली.

तिसरं स्थळ देवळीचं. मुलगा शेतकी खात्यात होता. आई लहानपणीच गेलेली, काकूने वाढवलेला. काका-काकू त्याच्याबरोबर आले होते. काकू ठसठशीत, मोठ्या कुंकवाच्या, आणि काका एवढे गरीब की त्यांनी पाणीसुद्धा काकूंकडे बघून प्यायलं. मुलाने मात्र आल्या आल्या माझ्याकडे बघायच्या ऐवजी फळीकडे बघितलं. मग बाईंना विचारून उठला, एकेक काच बघत गेला आणि सातव्या काचेपाशी वाकून म्हणाला, "हिला दोन दिवसांत खायला घातलंत का?"

"टाकलं. खाऊन नाई राह्यली," बाई म्हणाल्या.

"पंख फुगलेत. कात टाकायला आली आहे. माशी काढून घ्या, नाही तर माशीच तिला त्रास देईल."

दवाखान्यातली तीस वर्षं धरूनही बाईंना त्यांच्या वॉर्डात येऊन कोणी सल्ला दिला नव्हता. त्या काचेत बघत राहिल्या, हात धुऊन आल्या आणि मुकाट्याने माशी काढली. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "देवळीलाही मुलींची शाळा आहे. तुमची बदली होईल का तिकडे?" माझं काय झालं ते मी सांगत बसत नाही. एवढंच सांगते की चहा करायला मी चुलीपाशी गेले ती जमिनीवरून चालत गेले की कशी ते मला आठवत नाही.

आणि त्या दिवशी दूध खरंच नासलं. तापायला ठेवलं आणि फाटून त्याचं पाणी वेगळं झालं. माझ्या तोंडून घाबरून निघून गेलं, "बाई, दूध नासलं!"

जीभ चावली, पण उशीर झाला होता. बाहेर बाई हात धुताना ऐकू आलं. मी कोऱ्या चहाचा ट्रे घेऊन धावत दारात आले तर चार नंबर मध्यभागी, नर आत, आणि बाई माझ्याकडे न बघता मागे सरून उभ्या. चार नंबर त्या दिवशी उपाशीच होती. तिने लग्न वगैरे काही लावलं नाही, सरळ मान धरली.

काकूंनी ते बघितलं. मग त्यांनी बाईंचं मोकळं कपाळ बघितलं. आणि आवाज चढवून म्हणाल्या, "जशी मालकीन तशी जनावरं. नवरा खाल्लेल्या बाईच्या घरात अजून काय दिसनार? पोरगी चांगली हाय, आमाले पसंत हाय. पन एक सांगून ठेवतो. लग्नाच्या मांडवात ही बाई आली नाई पायजे. हळदीले तं सावलीसुद्धा नको."

मुलगा "काकू" म्हणून अर्धवट उठला. काका चटईचे धागे मोजत होते. मी दारात ट्रे धरून उभी होते. मला सगळं ठाऊक होतं, सोळाव्या वर्षापासूनचं. एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. पण मला तो मुलगा हवा होता, आणि मी गप्प राहिले.

बाई मात्र डोळे मिटून, मान कलती करून ऐकत होत्या. जुनं काही ऐकू यावं तशा. "अजून बोला जरा," त्या म्हणाल्या.

"काऊन? काय बोलू?"

"तुमचं माहेर इथलंच नाई काय? मारोतीच्या देवळामागं, चिंचेपाशी? पहिलं बाळंतपन माहेरी झालं असन."

काकूंचा चेहरा बदलला. "तुमाले कसं ठाऊक?"

"चेहरा मले ध्यानात राह्यत नाई. त्या टायमाले साऱ्यायचे चेहरे सारखेच. आवाज राह्यते. दोन दिवस वरडत होत्या तुमी, अन् माह्या हाताले नखं लावून बसल्या होत्या. तवा ह्या हाताची सावली चालली." बाईंनी हात पुढे करून दाखवला, अगदी शांतपणे, तिकीट दाखवावं तसा. "अन् काय वरडत होत्या, सांगू काय? 'सुटू द्या मले एक डाव, त्या मानसाले कच्चा खाईन.'"

कोणी हललं नाही. चार नंबर तेवढी खात होती.

"हिनं खाल्लं, हे खरं हाय," बाई काचेकडे बोट करून म्हणाल्या. "पन बोलली नाई."

काकांनी त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडलं. "कच्चा म्हने काय? मी ओसरीत बसून होतो. मले वाटलं, देवाचं नाव घेऊन राह्यली." आणि ते हसायला लागले. आधी हळू, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मुलाला हसता हसता ठसका लागला. काकूंनी पदर तोंडाला लावला. हसू लपवायला की दुसरं काही, ते कळलं नाही, पण अट मागे घेतली. "या लग्नाले," असं जाताना त्या भिंतीकडे बघून म्हणाल्या.

माघात समुद्रपूरला माझं लग्न झालं. मी महिनाभर आधीच घरी गेले होते. बाईंना मी पत्रिका पाठवली, वर दोन ओळी लिहिल्या. हळदीच्या दिवशी एसटीच्या ड्रायव्हरबरोबर एक हिरवी साडी आली आणि चिठ्ठी आली. 'खाट नंबर अकरा अडली आहे. येणं होत नाही. सुखी राहा.' वॉर्डात खाटा नऊच होत्या, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? मी चिठ्ठी सगळ्यांना वाचून दाखवली, सगळे हसले. मला हायसं वाटलं. मांडवात आता कोणाचं कोणाशी वाजणार नाही, कोणी कोणाकडे बघणार नाही. ते हायसं वाटणं मला आजही सलतं.

सामान न्यायला आर्वीला गेले तेव्हा बाई गॉज सोडून काचेत माशी टाकत होत्या. मी विचारलं, "काकूंचं अजून लागलंय का मनाला?"

"काकूचं काय घेऊन बसली," बाई म्हणाल्या. "तिचं वरडनं मी आधीच आयकलं होतं. तुले तं सारं ठाऊक होतं, पोरी. तू ट्रे घेऊन उभी होती. तू काई बोलली नाई."

रागाने नाही म्हणाल्या. माशी आत गेली की नाही हे बघत म्हणाल्या. मग त्यांनी मला चिवडा दिला, माझ्या सासरचं विचारलं, आणि एसटीपर्यंत सोडायला आल्या.

चार वर्षांनी काका गेले. त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या धाकट्या दिराचं लग्न निघालं. त्यालाही काकूंनीच वाढवलेलं. या वेळी मी पत्रिका पाठवली नाही. स्वतः आर्वीला गेले आणि बाईंना घेऊनच देवळीला आले. हळदीच्या सकाळी बायका जमल्या, पाट मांडला, वाटी फिरू लागली, आणि काकू कुठे दिसेनात. बघितलं तर त्या मांडवाच्या शेवटच्या खांबामागे उभ्या होत्या, मोकळ्या कपाळाने, कोणाला दिसू नये अशा. मी हाक मारली. कोणीतरी मोठं माणूस म्हणालं, "राहू दे वं. त्यायनं हात लावू नाई हळदीले."

"ज्या हातांनी याला न्हाऊ घातलं त्या हातांची हळद चालत नसेल," मी म्हणाले, "तर वाटी उचला. हळद नकोच आम्हाला."

आवाज असा निघाला की वाजंत्रीवाल्याने सनई तोंडातून काढली. माझ्या नवऱ्याने वाटी माझ्या हातात आणून दिली. तरी काकू खांब सोडेनात. तेव्हा बाई उठल्या. मांडवाच्या रांजणापाशी जाऊन त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, पदराला पुसले आणि काकूंच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"चाला," त्या म्हणाल्या. "मी धरतो हात. मले सवय हाय तुमची."

काकूंनी हात दिला.